जावईबापूंचे वाळवंट

महसूल खात्यात एकतीस वर्षे चाकरी करून अव्वल कारकून या पदावरून निवृत्त झालेल्या मनुष्यास वाळू म्हणजे काय हे दुसऱ्या कोणी समजावून सांगावे, असा प्रसंग उत्तरायुष्यात ओढवेल असे मला कधी वाटले नव्हते. वाळूघाटांचे लिलाव, स्वामित्वधनाच्या पावत्या, रात्री-अपरात्री पकडलेल्या मालमोटारींचे पंचनामे, त्यांच्या मालकांचे जाबजबाब, आणि जप्त केलेला ढीग उजाडेपर्यंत निम्म्यावर कसा आला याविषयी सादर झालेल्या करुणरम्य कैफियती यांत माझ्या डोळ्यांचे तेज खर्ची पडले. वाळू ही ब्रासाने मोजावयाची वस्तू आहे, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि ती चोरून नेण्यासाठी माणसे जिवावर उदार होतात, एवढे मला पक्के ठाऊक होते. परंतु ती जागच्या जागी राहू देऊन केवळ तिच्यावरून धावण्यासाठी कोणी पदरचे तीन लाख रुपये मोजील, हे मात्र आमच्या जावईबापूंनी वारज्याच्या आमच्या दिवाणखान्यात, साबुदाण्याच्या खिचडीची बशी हळूच बाजूला सारीत, जाहीर करीपर्यंत माझ्या स्वप्नातही आले नव्हते.

जावई हा मराठी कुटुंबातील एकच असा मनुष्य आहे की ज्याच्या वेडाला वेड म्हणण्याची सोय नाही. हाच बेत आमच्या चिरंजीवांनी बोलून दाखविला असता तर मी त्यांना त्यांच्या लहानपणच्या नावाने हाक मारून, बारावीतले गणिताचे गुण काढून, दोन वाक्यांत जमिनीवर आणले असते. जावयांच्या बाबतीत मी फक्त "वा! किती दिवसांचे म्हणालात?" एवढेच विचारू शकलो.

सहा टप्प्यांचे, म्हणाले. आफ्रिकेच्या वायव्येस मोरोक्को नावाचे राज्य आहे, त्याच्या दक्षिणेकडील सहारात दरवर्षी 'माराथाँ दे साब्ल', म्हणजे वाळूची मॅरेथॉन, भरते. अंतर सुमारे 250 किलोमीटर. त्यातला एक टप्पा एकट्यानेच 80 किलोमीटरांच्या पुढचा, जो पुष्कळांना दिवस मावळल्यावरही चालूच ठेवावा लागतो. अंथरूण, अन्न आणि औषधे ज्याची त्याने पाठीवर वाहावयाची. यजमानांकडून पाणी आणि रात्रीपुरता आठ जणांत एक तंबू, तोही बाजूंनी उघडा. हा उद्योग पात्रिक बोएर नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने काढला. 1984 साली तो अल्जीरियाच्या वाळवंटातून एकटाच बारा दिवसांत साडेतीनशे किलोमीटर चालून गेला आणि परत आल्यावर, असा अनुभव एकट्याने भोगणे बरे नव्हे असे वाटून, त्याने 1986 साली तेवीस जणांची पहिली शर्यत भरविली. आमच्याकडे मनुष्य काशीस जाऊन आला म्हणजे गंगेचे गडू वाटतो. या सद्गृहस्थाने तहान वाटली.

त्या रात्री मला झोप आली नाही आणि झोप येत नसली म्हणजे मी हिशेब करतो, ही नोकरीतली जुनी खोड आहे. 2023 च्या उन्हाळ्यात शासनाने वाळू ब्रासास 600 रुपये दराने देण्याचे धोरण जाहीर केले होते. त्या दराने तीन लाख रुपयांत 500 ब्रास, म्हणजे 50,000 घनफूट वाळू येते. दहा फूट रुंदीच्या पट्टीवर ती एक फूट जाडीने पसरली तर 5,000 फूट, म्हणजे सुमारे दीड किलोमीटर लांबीचे स्वतःच्या मालकीचे वाळवंट तयार होते, आणि त्यावरून 164 खेपा घातल्या की त्यांचे 250 किलोमीटर भरतात. वाहतूक वेगळी धरावी लागेल हे मला मान्य आहे. परंतु विमानाचे भाडेही वेगळेच होते. शिवाय शर्यत संपल्यावर वाळू विकता आली असती. हा तक्ता मी सकाळी चहाबरोबर त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो आदरपूर्वक पाहिला, माझी बेरीज बरोबर असल्याचे सांगितले आणि "पण बाबा, उन्हाचे काय?" असा प्रश्न विचारला. वारज्याच्या उन्हाविषयी कमीपणाचा हा उद्गार मी मनाला लावून घेतला नाही.

कन्येच्या मार्फत मी दुसरा अर्ज गुदरला. वाळवंटच हवे तर आपले थर काय वाईट आहे? जैसलमेरहून लोंगेवालापर्यंत शंभर मैल धावण्याची शर्यत होते, भाषा समजते, वाटेत कोठे ना कोठे दालबाटी मिळेल. उत्तर आले की ती शर्यत दीड दिवसात आटोपते. यावर काय बोलावे? मनुष्य हाल विकत घ्यावयास निघाला की तोही घाऊक दराने घेऊ पाहतो, एवढीच नोंद मी मनाशी केली.

मग अभ्यास सुरू झाला आणि वारजे नावाच्या या शांत म्हणता न येणाऱ्या उपनगराने आमच्या कुटुंबाकडे लक्ष दिले. मी येथे राहावयास आलो तेव्हा वारजे हे गाव होते. 1997 मध्ये ते महापालिकेत गेले. 2013 मध्ये शहरातली जकात उठली, पण नाक्याचे नाव लोकांच्या जिभेवरून उठलेले नाही. या सर्व स्थित्यंतरांतून वारजेकरांची एक धारणा अबाधित राहिली आहे, ती ही की रस्त्याने पाठीवर पिशवी घेऊन धावणारा मनुष्य हा बस चुकलेला मनुष्य असतो. जावईबापू पाठीवर आमच्याच कोठीतला आठ किलो इंद्रायणी तांदूळ बांधून शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे अशा मार्गाने खडकवासल्याच्या बाजूस धावत असत. एके दिवशी एका बसचालकाने, ज्याच्या जातीची दया मी आयुष्यात स्वतःच्या बाबतीत कधी अनुभवली नाही, थांबा नसताना यांच्यासाठी गाडी उभी केली. यांनी हाताने "नको, जा" अशी खूण केली. गाडीतल्या चाळीस उतारूंनी खिडक्यांतून जो अभिप्राय व्यक्त केला त्याचा शब्दशः उतारा देणे प्रशस्त होणार नाही. सारांश असा होता की नको होती तर धावत कशाला होता.

आमच्या इमारतीच्या रखवालदाराने तर नोंदवहीत त्यांच्यासाठी स्वतंत्र रकानाच आखला. 'जाण्याचे कारण' या सदराखाली प्रथम 'धावणे', नंतर 'पुन्हा धावणे' आणि मे महिन्याच्या एका दुपारी, पारा चाळिशीपाशी असताना, 'समजले नाही' अशी नोंद मी स्वतः वाचली आहे. टेकडीवरच्या नागरी वनात, ज्या उजाड जमिनीवर गेल्या काही वर्षांत झाडे लावून वारजेकरांनी सावली निर्माण केली, तेथे सकाळी फिरावयास येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींनी त्यांना थांबवून विचारले की एवढी सावली असता आपण बाहेरच्या डांबरी रस्त्याने का धावता. सावलीचा सराव होईल, या त्यांच्या उत्तराने एक निवृत्त प्राचार्य दोन दिवस अस्वस्थ होते.

चौकातल्या चांभारदादांनी मात्र त्यांना पूर्णपणे ओळखले. वाळू बुटात शिरू नये म्हणून बुटाभोवती कापडी झगा चिकटवितात आणि तो चिकटण्यासाठी तळव्याच्या कडेने वेलक्रोची पट्टी शिवून घेतात. पाय सुजतात म्हणून बूटही दोन माप मोठे घेतलेले. दादांनी ते बूट उलटसुलट करून पाहिले, माप विचारले, पायाकडे पाहिले, आणि "पाय अजून यायचेत का?" असे म्हणून आरी हातात घेतली.

एव्हाना माझ्या मनात या प्रकाराविषयी कुतूहल उत्पन्न झाले होते आणि आपल्या पूर्वजांनी असे काही केले होते काय, याचा शोध मी घेऊ लागलो. कोणतीही नवी गोष्ट दिसली की ती आपल्याकडे पूर्वीच होती हे सिद्ध केल्यावाचून मराठी मनुष्यास जेवण जात नाही. पुरावा सापडला, तोही साहेबाच्या हातचा. ग्रँट डफने 1826 साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यात पानिपतची वार्ता नानासाहेब पेशव्यांना कशी कळली ते दिले आहे. मोती गळाल्याच्या आणि मोहरा हरवल्याच्या सांकेतिक भाषेतले ते पत्र सावकारांच्या पेढीचा एक कासीद घेऊन निघाला होता, आणि त्याने पानिपताहून तेव्हाचे औरंगाबाद नऊ दिवसांत गाठण्याचे पत्करले होते! सरळ रेषेत धरले तरी हे अंतर हजार किलोमीटरांहून अधिक आहे; म्हणजे दिवसाकाठी एकशे दहाच्या वर. ना टप्प्यावर वैद्य, ना गळ्यात पदक, ना शेवटच्या रेषेपाशी छायाचित्रकार. उलट वाटेत ते पत्र पेशव्यांच्या छावणीत फोडले गेले आणि त्याने आणलेली वार्ता ऐकून कोणाच्या तोंडून शाबासकी निघण्याचा संभव नव्हता. पेशवाईत जासूद जोडीने पाठवीत, एक पडला तर दुसऱ्याने पुढे जावे म्हणून. त्यांना या कामाबद्दल मुशाहिरा मिळे. आमचे जावई तेच काम स्वतः मुशाहिरा देऊन करणार होते, आणि पत्रही नव्हते.

उंटाच्या बाबतीतही काळ असाच उलटला आहे. आमच्या इतिहासात सांडणीस्वार सर्वांच्या पुढे असे; निकडीचा खलिता म्हटला की सांडणी सुटलीच. सहारातल्या या शर्यतीत उंट सर्वांच्या मागून चालतात. शेवटच्या धावपटूच्या पाठीमागे दोन उंट आपल्या गतीने, कोणाचाही द्वेष न करता येत असतात. ते ज्याला ओलांडून पुढे गेले, त्याची शर्यत तेथेच संपली. यमदूताची याहून सभ्य योजना मी कोणत्याही पुराणात वाचलेली नाही.

आणि 250 किलोमीटर हा आकडा ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी जो प्रश्न विचारला त्याला अद्याप समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. आळंदी ते पंढरपूर हे अंतरही जवळपास तेवढेच. दिवेघाट आहे, उघड्यावरचे मुक्काम आहेत, तंबू आहेत, टँकरचे पाणी आहे, पायाला फोड आहेत. लाखो माणसे, त्यांत सत्तरी उलटलेल्या नऊवारीतल्या बाया, डोक्यावर तुळस घेऊन दरवर्षी हे पुरे करतात, आणि वाटेतली गावे त्यांना पिठले-भाकरी वाढण्यासाठी हात धरून थांबवितात. "मग हे तिकडे कोणाला भेटायला जातात?" असा त्यांचा सवाल होता. जावईबापूंनी 'स्वतःला' असे काहीसे पुटपुटलेले मी ऐकले. "ते इथे भेटत नाहीत का?" म्हणून त्या आत गेल्या.

साम्य म्हणावे तर प्रस्थानाच्या प्रसंगी संगीत दोन्हीकडे असते. तिकडे रोज सकाळी टप्पा सुटताना एसी/डीसी नावाच्या वाद्यवृंदाचे एक गाणे मोठ्याने लावतात, त्याच्या नावाचा अर्थ 'नरकाकडे जाणारा हमरस्ता' असा आहे. मुंबई-बंगळूर महामार्ग ज्यांच्या खिडकीखालून जातो आणि सायंकाळी सात वाजता पुलाखालून दूध आणावयास ज्यांना पलीकडे जावे लागते, त्यांना या कल्पनेचे विशेष अप्रूप वाटले नाही.

जाण्याच्या आदल्या आठवड्यात सामानाची रुजवात घेण्याचे काम माझ्याकडे आले आणि प्रथमच मला या उद्योगात रस वाटू लागला. कारण नियमांची ती यादी एखाद्या जुन्या कोषागाराच्या कायदेपुस्तकातून उतरविल्यासारखी होती. होकायंत्र एक, शिट्टी एक, चाकू एक, इशारा करण्यासाठी आरसा एक, सर्पविष ओढून घेण्याची पिचकारी एक, सेफ्टीपिना दहा. यांतील वस्तू कमी आढळल्यास वेळेचा दंड. पाठीवरील ओझे, पाणी सोडून, साडेसहा किलोंहून कमी नसावे आणि पंधरांहून अधिक नसावे. दर दिवसाच्या अन्नातून किमान 2,000 कॅलरी मिळाव्यात. दहा सेफ्टीपिना आमच्या सौभाग्यवतींनी डाव्या हाताच्या बांगड्यांतून, उभ्या उभ्या, मोजून काढून दिल्या. त्या तेथे किती वर्षे होत्या याची नोंद नाही. ओझे हलके करण्यासाठी जावईबापूंनी दात घासण्याच्या ब्रशाची दांडी निम्मी कापली तेव्हा मात्र मी उठून गेलो. तीन लाख रुपये भरून ब्रशाचे चार ग्रॅम वाचविणाऱ्या मनुष्याकडे बघण्यासाठी जी निर्विकार मुद्रा लागते ती महसूल खात्याने मला दिली होती, पण निवृत्तीनंतर ती ढिली पडली आहे.

याच सुमारास मला मॉरो प्रॉस्पेरीची हकीकत कळली. 1994 च्या शर्यतीत हा इटालियन पोलीस अंमलदार वाळूच्या वादळात वाट चुकला, नऊ-दहा दिवस भटकला, एका ओसाड दर्ग्यात वटवाघळांचे रक्त पिऊन राहिला, आणि अखेर सरहद्द ओलांडून अल्जीरियात सापडला तेव्हा त्याचे सोळा-एक किलो वजन उतरले होते. पुढे तो पुन्हा याच शर्यतीत गेला. ही बाब मी घरात गुप्त ठेवण्याचे ठरविले. परंतु ती सौभाग्यवतींना भिशीच्या मैत्रिणींकडून माझ्या आधीच कळली होती, व वटवाघळांचा उल्लेख त्यांनी मनात धरून ठेवला होता. "त्याच्याजवळ खायला काही नव्हते म्हणून ही वेळ आली," असा त्यांनी निकाल दिला, आणि निकालाबरोबर अंमलबजावणीही सुरू झाली.

येथे एका थकबाकीचा खुलासा करणे अवश्य आहे. 2023 मध्ये श्रावण अधिक होता. धोंड्याच्या महिन्यात जावयास तेहेतीस अनारशांचे वाण देण्याचा आमच्या घराण्याचा रिवाज. परंतु त्या वर्षी जावईबापू पोटातली चरबी मोजीत होते आणि त्यांनी ताटातला एकच अनारसा उचलून बत्तीस परत केले. हा अपमान नव्हता असे मी सांगून पाहिले. सौभाग्यवतींनी ती रक्कम येणे म्हणून लिहून ठेवली होती आणि आता वसुलीची संधी चालून आली. शास्त्राधारही मीच शोधून दिला. अनारसा म्हणजे तांदूळ, गूळ आणि तूप. महिनाभर टिकतो, भिजवावा लागत नाही, जाळीदार असल्याने जागेच्या मानाने हलका. घरच्या काट्यावर तेहेतीस नगांचे वजन एक किलोस दहा ग्रॅम कमी भरले आणि कॅलरी, स्थूलमानाने, चार हजारांच्या पुढे गेल्या. म्हणजे नियमाप्रमाणे दोन दिवसांची तरतूद झाली. परदेशातून मागविलेल्या, पाणी घातल्यावर पास्ता होणाऱ्या पुड्यांपेक्षा हा हिशेब सरस ठरला, हे जावईबापूंनीही दरमहा हप्ते भरणाऱ्या मनुष्याच्या प्रामाणिकपणाने कबूल केले.

तांदूळ तीन दिवस भिजले, रोज पाणी बदलले, वाळले, कुटले, गुळात मुरले. आणि थापण्याच्या दिवशी सकाळी कन्येचा दूरध्वनी आला की विमान दुबईमार्गे आहे.

वाचकांपैकी ज्यांची मुले आखातात आहेत त्यांना पुढचे सांगावयास नको. अनारसा थापतात तो खसखशीवर, आणि खसखस ही अफूची बी. त्या राज्यात ती बंदी घातलेल्या मादक पदार्थांत मोडते. सासूने प्रेमाने दिलेल्या डब्यापायी जावयास सहारा गाठण्यापूर्वीच दुबईच्या कोठडीत जाऊन बसावे लागण्याचा प्रसंग होता, आणि तेथे जामिनास कोण राहणार? घरात सुतकासारखी शांतता पसरली. खसखशीवाचून अनारसा म्हणजे, सौभाग्यवतींच्या मते, गंधावाचून कपाळ. तिळावर थापण्याची सूचना मी केली. ती, संक्रांत नाही, या मुद्द्यावर फेटाळली गेली. अखेर नुसत्या प्लॅस्टिकच्या कागदावर थापून पहिला अनारसा तुपात सोडला, तो हसला. अनारसा हसणे म्हणजे तुपात पडताच विरून विस्कटणे. ज्या घरात तो हसतो त्या घरातली स्त्री हसत नाही. दुसराही हसला. तिसऱ्याला, अर्धे केळे कुस्करून घातल्यावर, लाज वाटली. रात्री साडेअकरापर्यंत तेहेतीस पुरे झाले, गुळगुळीत, बोडके, आणि सौभाग्यवती ते डब्यात भरताना एकेकाकडे असे पाहत होत्या की जणू मुंज न होताच मुलगा परदेशी चालला आहे.

जावईबापू शर्यतीस गेले त्या आठ-दहा दिवसांत मी काय केले हे सांगणे मला फारसे भूषणावह नाही. आमच्या कन्येच्या फोनवर, सहारातल्या वाळूत कोठेतरी सरकणारा जावईबापूंचा ठिपका दिसे. तो थांबला की मी थांबे. मोठ्या टप्प्याच्या रात्री तो एका ठिकाणी बावीस मिनिटे हालला नाही. मी पायांत चपला सरकवून, का ते ठाऊक नाही, खाली उतरलो आणि इमारतीला सात फेऱ्या घातल्या. रखवालदाराने वही पुढे केली. मी कारणाच्या रकान्यात काही लिहिले नाही.

ते परत आले ते पायांना पट्ट्या बांधून, सहा किलोंनी उतरून, आणि मी विचारण्यापूर्वीच त्यांनी सांगितले की उंट दिसले नाहीत. मात्र चौथ्या दिवशी संध्याकाळी पाठीमागे घुंगरू वाजल्यासारखे वाटून ते पाऊण तास मागे न पाहता धावले होते. बुटांतून निघालेली वाळू आमच्या सौभाग्यवतींनी वर्तमानपत्रावर घेतली. मी अंदाजे तिचे मोजमाप केले. स्वामित्वधन लागू होण्याजोगे काही नव्हते.

डबा रिकामा होता. सौभाग्यवतींनी तो उलटा करून पाहिला, बोटाने कड पुसली आणि कोणाकडेही न पाहता विचारले, "कसे काय गेले घशाखाली, खसखशीवाचून?"

"गेले ना," जावईबापू म्हणाले. "वादळ झाले त्या दिवशी डबा उघडाच राहिला होता. नंतर खाल्लेल्या सगळ्यांना खसखस होती, आई. दोन्ही बाजूंनी."